पोटाचं वेळापत्रक घाटापासून उलटं मोजा

प्रश्न असा आहे: मे महिन्यात कोल्हापूरहून तारकर्लीला चार दिवस जायचंय. गाडी स्वतःची, सोबत सासूबाई. मुलगा चार वर्षांचा, त्याला घाटात हमखास गाडी लागते. मुलगी दीड वर्षाची, कुठेही चढते आणि दिसेल ते तोंडात घालते. उलटीचं कोणतं औषध द्यावं आणि बरोबर काय काय घ्यावं?

औषधाचं नंतर बघू, आधी घड्याळ. कोल्हापूरहून कोकणात उतरताना घाट लगेच लागत नाही. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने गेलात तर घाटमाथा साधारण ८० किलोमीटरवर, म्हणजे मुलं घेऊन दोन तास. गगनबावड्याने गेलात तर ५५ किलोमीटर, सव्वा ते दीड तास. घरून निघताना 'रिकाम्या पोटी जाऊ नये' म्हणून पाजलेलं पेलाभर दूध आणि तासाभराने वाटेत थांबून खाल्लेला वडा किंवा मिसळ, हे दोन्ही पहिल्या वळणाला पोटात जसंच्या तसं असतं. म्हणून खाण्याची वेळ घरापासून पुढे मोजायची नाही, घाटापासून मागे मोजायची. पोटभर खाणं घाटाच्या दोन तास आधी संपलं पाहिजे. त्यानंतर घोट-घोट पाणी, आणि घाटाच्या अर्धा तास आधी गाडी थांबवून दोन साधी बिस्किटं किंवा चपातीचा कोरडा तुकडा. पोट अगदी रिकामं असलं तरी मळमळतंच.

फोंड्याने जाणार असाल तर पहाटे साडेपाचला निघा. निघतानाच मुलाला एक चपाती किंवा दोन इडल्या द्या, दूध नको. साडेसातला दाजीपूर येतं, तोवर लख्ख उजाडलेलं असतं. तो सगळा राधानगरी अभयारण्याचा भाग. अंधारात तिथे गवा रस्त्यावर येतो आणि त्याच्यासाठी मारलेला एक ब्रेक मुलाच्या पोटाला पुरतो. घाट सुरू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद झाला तो वर्षभर बंदच होता, आणि ऐन वेळी भुईबावडा घाटाकडे वळलेल्यांची सगळी गणितं चुकत होती. घाटात मोबाइलची रेंज जाते, नकाशा घरीच उतरवून ठेवा.

येताना लोक जास्त चुकतात. खोली सोडून, 'शेवटचं एकदा मासे' म्हणून एक वाजता सुरमईची थाळी, आणि अडीच-तीनला भर उन्हात घाटाची चढण. थाळी आदल्या रात्री उरका. परतीच्या दिवशी सकाळी सातला मऊ भात किंवा घावणे खाऊन निघा.

आता गाडी का लागते ते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर वळतंय, आणि डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ स्थिर दिसते. हा विसंवाद मेंदूला मानवत नाही. म्हणून मुलाला लांबचा रस्ता दिसला पाहिजे. चार वर्षांचं मूल नुसतं सीटवर बसवलं तर त्याचे डोळे खिडकीच्या काठाखालीच राहतात. उंच बैठकीच्या बालआसनात बसवलं तर रस्ता दिसतो आणि निम्मी मळमळ तिथेच कमी होते. मोबाइलवर कार्टून लावून देणं हा घाटातला सगळ्यात वाईट उपाय. मूल गप्प बसतं, हे खरं, पण ते गप्प बसणंच बहुतेकदा उलटीची पहिली पायरी असते. गाडीतलं अत्तर, डॅशबोर्डवरचा मोगऱ्याचा गजरा आणि डिकीतल्या सुक्या मासळीची पिशवी (येताना ही असतेच) घाटापुरती बंदोबस्तात ठेवा. एसी चालू असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा येऊ द्या.

गाडी चालवणाऱ्यालाही दोन शब्द. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात ब्रेक आणि बाहेर पडताना जोरात अॅक्सिलेटर, असं दहा वळणं झालं की मोठी माणसंही हिरवी-पिवळी होतात. खालच्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने उतरा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर बाजू देऊन त्याला पुढे जाऊ द्या.

उलटी अचानक होत नाही, पाच-सात मिनिटं आधी मूल सांगत असतं. जांभया येतात, बडबड थांबते, चेहरा पांढरट होतो, वरच्या ओठावर घाम येतो आणि ते सारखी थुंकी गिळायला लागतं. थुंकी गिळायला लागलं की वेळ संपली. वळणावर नाही, पण पहिल्या रुंद जागी गाडी बाजूला घ्या आणि मुलाला डावीकडच्या दारानेच उतरवा. जागा नसेल तर डबा पुढे करा. प्लास्टिकची पातळ पिशवी घेऊ नका, तिला तळाशी भोक असतं आणि ते नेमकं तेव्हाच कळतं. आइस्क्रीमचा एक लिटरचा रुंद तोंडाचा, झाकणाचा डबा घ्या, आत पिशवी बसवा. असे दोन डबे, एक ओला आणि एक कोरडा नॅपकिन आणि मुलाचे एक जोड कपडे हे सगळं मांडीजवळ हवं. ते डिकीत, बॅगांच्या तळाशी असेल तर नेलं काय आणि न नेलं काय सारखंच.

उलटीनंतर चूळ भरायला लावा आणि दहा मिनिटं काहीही देऊ नका. 'पोट रिकामं झालं, आता दूध घे' म्हणाल तर पुढच्या वळणावर तेही येईल. दहा मिनिटांनी दर दोन मिनिटांना एक चमचा पाणी, ते टिकलं तर घोट-घोट. सीटवर सांडलं असेल तर जुन्या कार्डाने खरवडून काढा. पुसलं की ते आत मुरतं. मग गार पाण्याच्या फडक्याने टिपा आणि मुक्कामी पोचल्यावर खायचा सोडा पसरून अर्ध्या तासाने झाडा. वासाने दुसऱ्या माणसाला मळमळतं, त्यामुळे हे काम संध्याकाळवर टाकू नका. बालआसनाचे पट्टे मात्र साबणात भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. भिजवून त्यांची ताकद कमी होते.

एवढं करूनही लागतंच असेल तर औषध. प्रवासाच्या उलटीवर प्रोमेथाझिन चालतं, पण दोन वर्षांखाली ते कधीच नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मुलासाठी मात्रा वजनावर तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रवासाच्या तासभर आधी द्यायचं असतं, घाटात मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी तशीच बाहेर येते. सहलीच्या आधीच्या एखाद्या रविवारी घरी एक मात्रा देऊन बघा. बहुतेक मुलं पेंगतात, पण काही उलट चेकाळतात आणि रडून गोंधळ घालतात. ते घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. सर्दीचं सिरप चालू असेल तर दोन्ही मिळून फार गुंगी येते, हे डॉक्टरांना सांगा. जुलाब-उलटीच्या वेळी देतात ते ऑन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर फारसं चालत नाही, म्हणून 'उलटीचंच औषध आहे' म्हणत घरातली उरलेली बाटली नेऊ नका. लिंबू हुंगणं, आलेपाक चघळणं याने नुकसान नाही. आलेपाकाची वडी दीड वर्षाच्या हातात मात्र पडू देऊ नका.

मुलीबद्दल एक लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. ती ओकली तर कारण घाट नसून दुसरं काही असण्याची शक्यता जास्त: थर्मासमध्ये चार तास कोमट राहून नासलेलं दूध, गाडीतला उकाडा, ताप. तिच्यासाठी टेट्रापॅकचं दूध घ्या आणि फोडलेला पॅक फ्रीज नसेल तर जपून ठेवू नका. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठ्यांनी हौसेने प्यावं, मुलांना उकळलेलंच.

सासूबाई बरोबर आहेत म्हणजे मुलगी मांडीवर बसणार, असं गृहीत धरलं असेल तर ते आत्ताच मोडा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोच्या मुलाचा भार त्या क्षणी हातांवर तीनशे किलोच्या घरात जातो. एवढं कुणीच धरून ठेवू शकत नाही, आणि पट्टा न लावलेली आजी वरून मुलावर येते. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे, पण तो मुद्दा दुय्यम. आसन घट्ट बसलंय का हे असं बघा: ज्या जागी पट्टा जातो तिथे धरून हलवा, इंचभराहून जास्त सरकता कामा नये. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं. मागे तोंड करून बसवायचं आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नको. उन्हात उभ्या गाडीतली पट्ट्याची धातूची कडी मांडीला चटका देते. आसनावर ओढणी टाकून ठेवा आणि बसवण्याआधी कडीला स्वतः हात लावून बघा. मागच्या दाराच्या कडेला, कुलपाजवळ एक छोटी खटकी असते. ती फिरवली की दार आतून उघडत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही दारांची खटकी फिरवून खात्री करा. खिडक्यांचं बटणही चालकाच्या दारावरून बंद करा.

गाडीतल्या उन्हाबद्दल जरा सविस्तर, कारण हा सगळ्यांत गंभीर धोका आणि त्याची सुरुवात 'दोन मिनिटांत येतो' अशी होते. उन्हात बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास वाढतं. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपलंय म्हणून मूल गाडीत ठेवून जायचं नाही, मग तिथून हॉटेलचा काउंटर दिसत असला तरी. मुलांना खेळायला किल्ली देणं हा दुसरा सापळा. मूल आत, किल्ली आत, दारं बंद. असं झालं तर किल्लीवाल्याला बोलावून वाट बघत बसू नका. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा आणि टोकदार, कठीण वस्तूने तिच्या कोपऱ्याजवळ घाव घाला. मधोमध मारलं की काच दाद देत नाही. पुढची काच फोडायच्या फंदात पडू नका, ती थरांची असते. मूल लालबुंद, तापलेलं, पेंगुळलेलं किंवा भरकटल्यासारखं वागत असेल तर कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. त्या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही.

साध्या तापावर ते चालतं, पण त्यातही गल्लत ठरलेली. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि २५० मिलिग्रॅमचं अशी दोन सिरपं मिळतात, वर तान्ह्यांचे थेंब १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे. एका वेळची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतं. ते १२० च्या बाटलीतलं साडेसात मिलिलिटर, २५० च्या बाटलीतलं साडेतीन, आणि थेंबांचं १.८. घरच्या सवयीने 'दीड झाकण' म्हणून मालवणात घेतलेल्या दुसऱ्या बाटलीतलं दिलंत तर मात्रा दुप्पट होते. आपलीच बाटली न्या, त्यावर दोन्ही मुलांची नावं, वजन आणि मिलिलिटर पेनाने लिहा, सुईविना सिरिंज बांधा. दोन मात्रांत किमान चार तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटली गाडीच्या कप्प्यात तापत ठेवू नका.

ओआरएसची पाकिटंही घरूनच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजे टाकायचं नाही, दाट झालेलं जुलाब वाढवतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. दर जुलाबानंतर मुलीला ५० ते १०० मिलिलिटर, मुलाला १०० ते २००, आणि केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. फळांच्या चवीची तयार पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ती यासाठीच. उसाचा रस घ्यायचा तर बर्फाविना. त्या बर्फाचं पाणी कुठलं, ते गुऱ्हाळवाल्यालाही सांगता येत नाही.

आता कोल्हापूरकरांना न आवडणारी गोष्ट: भडंग. गाडीत भडंगाचा पुडा फुटतो, मागच्या सीटवर दीड वर्षाची मुलगी असते आणि भडंगात शेंगदाणे असतात. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, पॉपकॉर्न, गोळी नको, आणि चालत्या गाडीत तर काहीच नको. दाढा नसलेलं मूल दाणा चावत नाही, तो तोंडात घोळवत राहतं. खड्ड्यात गाडी आपटली की दचकून श्वास आत घेतं आणि दाणा श्वासनलिकेत जातो. ठसका लागतो, मूल लाल होतं, आणि दोन मिनिटांनी सगळं शांत. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण बऱ्याचदा दाणा बाहेर आलेला नसतो, फुप्फुसाच्या एका बाजूच्या नळीत जाऊन बसलेला असतो. पुढे आठवडाभर खोकला, एका बाजूला घरघर, ताप, आणि दम्याची औषधं चालू. खाताना ठसका लागला होता, एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं तर तपास योग्य दिशेने जातो. हाच नियम मेमधल्या आठळ्यांना आणि जांभळाच्या बियांना. करवंदं द्या, पण बसवून आणि दाबून फोडून.

मूल खोकत, रडत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटू नका. आवाज फुटत नसेल, निळं पडत असेल तरच हात घाला: पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे. निघालं नाही तर मागे बसून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके, आणि पुन्हा तेच. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके नाहीत, छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. तोंडात वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपायचं नाही, ती आणखी आत जाते.

खोलीवर पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटं गुडघ्यांवर बसून मुलीच्या उंचीवरून खोली बघा. न्हाणीघरातली भरलेली बादली ओता. एवढं मूल डोक्याने जड असतं, वाकलं की आत पडतं आणि बाहेर येता येत नाही. बेसिनमधल्या आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात, त्या उचला. डासांच्या मशीनची बाटली उंचावर लावा. न्हाणीघराची आतली कडी मुलगा लावून घेईल, त्या कडीला रुमाल बांधून ठेवा. सज्जाच्या कठड्याच्या गजांमधून तुमची मूठ आरपार जात असेल तर सज्जाचं दार बंदच.

सासूबाईंची औषधं हा वेगळा विषय. त्या पर्समध्ये गोळ्यांचे पत्ते ठेवत असतील आणि पर्स पलंगावर. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांपैकी एकही गोळी दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात गेली तर साखर धोकादायक उतरू शकते, आणि ती काही तासांनी उतरते, तोवर मूल खेळत असतं. 'ठीक दिसतंय' म्हणून थांबू नका, रिकामा पत्ता घेऊन थेट रुग्णालयात. गाडीच्या किल्लीतल्या किंवा रिमोटमधल्या नाण्यासारख्या बॅटरीचंही तसंच. गिळली असेल तर ती अन्ननलिका दोन तासांत जाळू शकते. एक वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, उलटी करवायची नाही, आणि मध आणायला म्हणून थांबायचंही नाही.

समुद्राचं थोडक्यात. सकाळी साडेनवाच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओढ असते, ओहोटीला जास्त, मुलांना त्या टोकाला पाण्यात सोडू नका. मुलगी पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाइल खोलीवर. फुगवायची चाकं आणि दंडातले फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जेलीफिश चावलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होते, बेत महिन्याच्या शेवटचा असेल तर आधी विचारा.

विंचवाचं मात्र विसरू नका. कोकणातला लाल विंचू मुलांना मोठ्यांपेक्षा जड जातो. सकाळी चपला-बूट झटकून घालायचे, ओला टॉवेल जमिनीवर ठेवायचा नाही. डंखानंतर भरपूर घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर विष हृदयावर चाललंय असं समजा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी या विषावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून यातली बहुतेक मुलं वाचतात. पण गोळी जितकी लवकर तितका उपयोग. दोरी बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका. मालवणला ग्रामीण रुग्णालय, कणकवलीला उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. हॉटेलवर पोचलात की रात्री तिथून कुठे आणि कुठल्या रस्त्याने जायचं हे हॉटेलवाल्याला विचारा, आणि दोन्ही मुलांच्या वजनांसकट ते एका कागदावर लिहून गाडीच्या सन-व्हायझरला लावा.